शाळा आणि कुटुंब यांतील विश्वासाचे नाते : खोपोली परिसरातील स्थलांतरित आदिवासी विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
घर आणि शाळा हे बालकाच्या शिक्षणाचे दोन आधार होत. या दोहोंत सहकार्य असावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तथापि शाळेने सांगावे व पालकांनी ऐकावे, एवढाच सहकार्याचा अर्थ व्यवहारात घेतला जातो. हा अर्थ कोठे अपुरा पडतो आणि विश्वासाचे नाते कशातून निर्माण होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

परिसराचे स्वरूप :
बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या खोपोलीत १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले व पुढे हे गाव औद्योगिक नगर म्हणून वाढले. याच नगराभोवती, खालापूर व कर्जत तालुक्यांत, ठाकर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. खैरापासून कात काढणारे म्हणून ओळखला गेलेला कातकरी समाज आज प्रामुख्याने मजुरीवर जगतो. केंद्र शासनाने विशेष असुरक्षित म्हणून निश्चित केलेल्या महाराष्ट्रातील तीन आदिवासी गटांत त्याचा समावेश होतो.

पावसाळ्यात हाताला काम नसते, धान्य संपत येते. अशा वेळी अनेक कुटुंबे वीटभट्टी अथवा कोळसाभट्टीच्या मालकाकडून उचल घेतात. दिवाळीनंतर ती फेडण्यासाठी संपूर्ण कुटुंब भट्टीवर जाते आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतते. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होते. परिणामी भट्टीवर जाणाऱ्या मुलाचे दुसरे सत्र जवळजवळ पूर्णपणे बुडते. मोठी मुलगी असल्यास धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे कामही तिच्यावर येते.

अविश्वासाची कारणे :
हजेरीपटावर हे मूल केवळ 'सतत गैरहजर' असते. शिक्षक त्यावरून 'पालक उदासीन आहेत' असा निष्कर्ष काढतात. वस्तुतः जे उदासीनतेसारखे दिसते, त्यामागे अनेकदा कर्ज असते. उलट, शाळेत बोलावणे आले की बोलणीच खावी लागणार, असा पालकांचा समज होतो. सकाळी अकराची सभा म्हणजे त्यांच्यासाठी एका दिवसाची बुडालेली मजुरी होय. घरातील कातकरी बोली आणि पुस्तकातील प्रमाण मराठी यांतील अंतरामुळे ते सभेतही गप्प राहतात. हे मौन पुन्हा उदासीनतेचा पुरावा ठरते.

कायद्याची चौकट :
बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा वगळता शाळा व्यवस्थापन समिती आवश्यक आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांनाही प्रमाणशीर प्रतिनिधित्व आहे. कलम २४ नुसार पाल्याची उपस्थिती व प्रगती यांविषयी पालकांशी नियमित सभा घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. परंतु कायदा समितीत आसन देऊ शकतो, विश्वास देऊ शकत नाही. तयार इतिवृत्तावर अंगठा उमटवणारी माता सदस्य असते, सहभागी नसते.

विश्वासनिर्मितीचे मार्ग :
या संदर्भात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कार्य मार्गदर्शक आहे. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत विस्तारले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी कुरणशाळेची कल्पना मांडली. मुलांना दोष न देता शाळाच त्यांच्या दिनक्रमाजवळ नेली.

याच दृष्टीने पुढील बाबी विचारात घेता येतील.
१) पालकसभा वाडीवर व सायंकाळी घ्यावी.
२) स्थलांतरापूर्वीच, म्हणजे दिवाळीच्या आधी, प्रत्येक कुटुंबाशी बोलावे. कोठे जाणार, मुलाला आजी-आजोबांजवळ वा हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का, हे विचारावे. निर्णय लादू नये.
३) मूल सोबत जाणारच असेल, तर शिक्षण हमी कार्ड देऊन भट्टीजवळच्या शाळेशी संपर्क साधावा. परतल्यावर त्याला न रागावता वर्गात घ्यावे.
४) पालकांशी पहिला संवाद तक्रारीचा नसावा. मुलाला काय येते, हे आधी सांगावे.
५) समितीने किमान एक निर्णय पालकांच्या सूचनेवरून घ्यावा व तो अमलात आलेला त्यांना दिसावा.

अर्थात विश्वासाने उचल फिटत नाही. रोजगार व धान्य यांची हमी मिळाल्याशिवाय स्थलांतर थांबणार नाही, ही या उपायांची मर्यादा होय. मात्र परतलेले मूल पुन्हा शाळेच्या पायरीवर येते की नाही, हे बहुतांशी या नात्यावर अवलंबून असते.

समारोप :
हा प्रश्न केवळ प्राथमिक शाळेचा नाही. या वाड्यांतील जे थोडे विद्यार्थी महाविद्यालयापर्यंत पोहोचतात, त्यांच्या पालकांनाही कामाच्या दिवशी, कार्यालयीन मराठीतील पत्र पाठवून मेळाव्यास बोलावले जाते. रिकाम्या खुर्च्यांवरून त्यांच्या आस्थेचे मूल्यमापन करण्यापूर्वी संस्थेने आपली वेळ, जागा आणि भाषा तपासणे आवश्यक आहे. विश्वासाचे पहिले पाऊल ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने, म्हणजेच संस्थेने, टाकावयाचे असते.