वारसा वडिलांकडूनही येतो

अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले की कुटुंबात बहुधा आईच्या माहेरचीच चौकशी होते. आत्याच्या आजाराविषयी आपणहून कोणी बोलत नाही. आम्ही मात्र तो आवर्जून विचारतो.

बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये व बीआरसीए-२ हे १९९५ मध्ये ओळखले गेले. पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करणे हे त्यांचे कार्य. त्यांतील दोष आईप्रमाणेच वडिलांकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. एरवी १०० स्त्रियांपैकी सुमारे एकीला आयुष्यात हा कर्करोग होतो. बीआरसीए-१ सदोष असल्यास सुमारे ४० जणींना. उरलेल्या ६० जणींना तो होत नाही, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

हा रोग लवकर हेरणारी भरवशाची तपासणी आजही नाही. म्हणून बीआरसीए-१ सदोष असलेल्या स्त्रीस, अपत्ये झाल्यानंतर, ३५ ते ४० या वयात अंडाशय व गर्भनलिका काढण्याचा सल्ला दिला जातो. पाळी अकाली थांबते. निर्णय सोपा नाही.

रक्ततपासणी शक्यतो प्रथम रुग्णाचीच व्हावी. तिच्यातील दोष नेमका कळला, तरच बहिणींना व मुलींना निश्चित उत्तर देता येते. त्यामुळे तिचे उपचार चालू असतानाच नमुना घेण्याचा आम्ही आग्रह धरतो.