मडक्यांची उतरंड काय सांगते?

शिल्प म्हटलं की आपल्याला घोड्यावरचा पुतळा आठवतो. पण आज काही कलाकार भाजलेल्या मातीतून समाजाबद्दल बोलतात. ते समजून कसं घ्यायचं, हे दोन उदाहरणांतून सांगतो.

पहिलं उदाहरण लंडनचं. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त २०१४ मध्ये टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात मातीची लाल पॉपी फुलं रोवली गेली. ही पॉल कमिन्स आणि टॉम पायपर यांची कलाकृती. एकूण फुलं ८,८८,२४६. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींच्या प्रत्येक मृत सैनिकासाठी एक. हा आकडा पुस्तकात आपण सहज वाचून जातो. तिथे त्याने अख्खा खंदक लाल झाला. इथला अर्थ संख्येत आहे.

दुसऱ्या उदाहरणात अर्थ रचनेत आहे. मारतहळ्ळीच्या आमच्या घरी डाळ-तांदूळ प्लास्टिकच्या डब्यांत असतात, त्यामुळे उतरंड म्हणजे काय ते मला आजीने समजावलं. सर्वांत मोठं मडकं तळाशी, त्यावर त्याहून लहान, असं करत वर छोटं गाडगं. सगळा भार तळावर. वरची भांडी उतरवल्याशिवाय तळाचं मडकं हलवता येत नाही.

मुंबईत काम करणारे कलाकार प्रभाकर कांबळे यांनी ही उतरंड शिल्पात आणली. २०२२ च्या बर्लिन बिएनालेमध्येही ती मांडली गेली. ही उतरंड म्हणजे जातिव्यवस्था. डॉ. आंबेडकर तिलाच श्रेणीबद्ध विषमता म्हणत.

आपल्याकडेही कॅडेट, कॉर्पोरल, सार्जंट अशी चढण असते. मग फरक काय? हुद्दा कष्टाने मिळतो आणि बदलतो. जात जन्मानेच लादली जाते. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सैन्यात सुभेदार होते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. कारण जात, शौर्य नव्हे. आजची महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली.

म्हणून असं शिल्प पाहताना ‘छान आहे का?’ एवढंच विचारू नका. ते कशाचं आहे, किती आहे आणि कोणाचा भार कोणावर आहे, हेही पाहा. मग हेच प्रश्न आपल्या वर्गात, मेसमध्ये आणि घरीही विचारून पाहा.