जाहिरात करण्याआधी पुराव्याची फाइल तयार ठेवा



गेल्या शनिवारी ऐरोलीच्या आपल्या बॅचमध्ये एक ताई फ्लेक्सचा नमुना घेऊन आल्या. त्या घरी नाचणी सत्त्व करतात. माल चांगला आहे, गिऱ्हाईक बांधलेलं आहे. आता त्यांना लोकल केबलवर जाहिरात द्यायची होती आणि एका फूड पेजवर रील करून घ्यायचं होतं. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मधुमेह मुळापासून बरा!'

मी विचारलं, "ताई, याला पुरावा काय?"

त्या म्हणाल्या, "अहो सर, माझ्या सासूबाईंची शुगर खरंच कमी झाली."

सासूबाईंचा अनुभव खरा असेल, पण कायद्यापुढे तो पुरावा होत नाही. आणि ही एक ओळ त्यांचा सगळा धंदा अडचणीत आणू शकते. कशी, ते बघूया.

पहिली गोष्ट : आजार बरा करण्याचा दावा नको

१९५४ पासून आपल्याकडे औषधे व जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा कायदा आहे. ज्या आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करता येत नाही, त्यांची यादीच त्यात दिली आहे. मधुमेह त्या यादीत आहे. अन्नपदार्थाच्या बाबतीत एफएसएसएआयचे २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियमही हेच सांगतात: खाण्याची वस्तू विका, औषध म्हणून विकू नका.

दंड किती? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड लावू शकतं. पुन्हा केलंत तर ५० लाखांपर्यंत. महिन्याला वीस-पंचवीस हजारांची विक्री करणाऱ्याने हा आकडा दोनदा वाचावा.

दुसरी गोष्ट : केबल, रेडिओ, पेपर

टीव्हीवरच्या जाहिरातींसाठी १९९४ च्या केबल नियमांमध्ये जाहिरात संहिता आहे. वस्तूत काही चमत्कारी गुण आहे असं लोकांना वाटेल आणि तो सिद्ध करणं कठीण असेल, तर तशी जाहिरात चालत नाही.

२०२४ मध्ये यात भर पडली. पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशनने केलेल्या याचिकेत सुप्रीम कोर्टाने ७ मे २०२४ ला आदेश दिला की जाहिरातदाराने आधी स्वयंघोषणापत्र द्यावं. म्हणजे काय, तर "माझ्या जाहिरातीत खोटा दावा नाही" असं लिहून द्यायचं. टीव्ही-रेडिओसाठी ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर, पेपर आणि इंटरनेटसाठी प्रेस कौन्सिलच्या पोर्टलवर. १८ जूनपासून हे लागू झालं. मग लहान जाहिरातदारांची अडचण पुढे आली आणि ३ जुलैला माहिती व प्रसारण मंत्रालयाने ते अन्न आणि आरोग्य क्षेत्रापुरतं, वर्षातून एकदा असं मर्यादित केलं. मसाला, लोणचं, सत्त्व विकणारे आपण नेमके त्याच क्षेत्रात येतो. त्यामुळे पैसे भरण्याआधी पोर्टल उघडून बघा आणि जाहिरात घेणाऱ्याला विचारा, "कोणती कागदपत्रं लागतील?"

तिसरी गोष्ट : रील म्हणजेही जाहिरात

पैसे दिले किंवा फुकट पाकीट दिलं, तरी ती जाहिरातच. जानेवारी २०२३ च्या सरकारी सूचनांप्रमाणे इन्फ्लुएन्सरने ते उघड सांगायला हवं. व्हिडिओ असेल तर बोलूनही आणि लिहूनही, आणि ज्या भाषेत प्रचार त्याच भाषेत. मराठी रील असेल तर सरळ 'जाहिरात' असं लिहा.

चौथी गोष्ट : नोटीस आलीच तर?

मग वकील लागणार. इथेही नियम माहीत हवेत. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलांना जाहिरात करून काम मिळवता येत नाही. वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढी माहिती चालते. जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने ऑनलाइन पोर्टलवरून कामं मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाईचे निर्देश दिले. त्यामुळे 'केस जिंकून देण्याची गॅरंटी' असं रील दिसलं तर पुढे सरका.

आणि हे लक्षात ठेवा: १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगात दावा करता येणार नाही. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते. पण भांडण होण्याआधीच फी किती, कोणतं काम, हे लिहून घेतलेलं बरं. मूळ कागद स्वतःकडे ठेवा, झेरॉक्स द्या, पैसे दिल्याची पावती घ्या.

आज काय करायचं?

एक साधी फाइल घ्या. त्यात ठेवा:

१. एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स.
२. पाकिटावरच्या प्रत्येक दाव्यासमोर त्याचा पुरावा: लॅब रिपोर्ट, खरेदीचं बिल, रेसिपी.
३. चालवलेल्या प्रत्येक जाहिरातीची प्रत आणि तारीख.
४. रील करणाऱ्याशी झालेलं लेखी बोलणं.

ज्या दाव्यासमोर कागद नाही, तो दावा खोडा. एवढाच नियम.

ताईंनी तिथेच बसून ओळ बदलली: 'घरगुती नाचणी सत्त्व. साखर किंवा गूळ घातलेला नाही.' हे त्या सिद्ध करू शकतात. फ्लेक्स अजून छापायचा होता, म्हणून दुरुस्ती फुकटात झाली. छापल्यावर कळलं असतं तर?

तुमच्या पाकिटावरचा एक दावा आज वाचा आणि स्वतःला विचारा, "याचा कागद कुठे आहे?" पुढच्या व्हिडिओत लेबलवर काय काय लिहायलाच हवं ते बघू. तोपर्यंत धंदा सांभाळा, कागद सांभाळा!