सोलापूरकराची सॅक

ट्रेकिंगच्या सामानाच्या बहुतेक याद्या थंडी गृहीत धरून केलेल्या असतात. पिसांचे जॅकेट, थर्मल, बर्फातली स्लीपिंग बॅग वगैरे. सोलापूरच्या माणसाचे पहिले भांडण मात्र उन्हाशी असते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि माळावर सावली म्हणजे एखादी बाभळ. शिवाय डोंगर लांब. माचणूर, करमाळा, परंडा, नळदुर्ग ही जवळची ठिकाणे सपाटीवरची किंवा नदीकाठची. बालाघाटाचे डोंगर पाहायला येडशी-रामलिंगापर्यंत जावे लागते आणि सह्याद्री गाठायचा तर रात्रीची गाडी धरून पुणे. म्हणून इथल्या भटक्याने एकच सॅक दोन तऱ्हांनी भरायला शिकावे, माळासाठी वेगळी आणि घाटासाठी वेगळी.

पाणी

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे. उन्हात चालताना तासाला अर्धा-पाऊण लिटर सहज लागते, म्हणजे सहा तासांच्या चालीला चार लिटर. हे चार किलो आधी मोजा आणि उरलेल्या वजनात बाकीचे बसवा. नवखे लोक नेमके उलटे करतात. कपडे, कॅमेरा, खाऊ भरून झाल्यावर एका बाटलीपुरती जागा उरते.

घाम भरपूर गेल्यावर नुसते पाणी पुरत नाही, मीठही जाते. ओआरएसची पाकिटे ठेवाच. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. अंदाजाने जास्त मीठ टाकू नका. किल्ल्यावरच्या टाक्याचे पाणी आधी फडक्यातून गाळा, मग उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा.

उन्हाळ्यात पहाटे निघावे आणि अकराच्या आत सावली गाठावी. सोबतचा माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो थकलेला नाही, त्याला ऊन लागले आहे. सावलीत आडवा करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसेच दवाखान्याकडे न्या. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

चादर की घोंगडी

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, घराघरात ती आहे, म्हणून ती सॅकमध्येही जाते. तिथेच गडबड होते. चादर सुती. ती दव आणि पाऊस पिते, दुप्पट जड होते आणि ओली झाली की ऊब देत नाही. मोकळ्या माळावर, कोरड्या हवेत, गाडी जवळ असेल तर तिच्यासारखे सुख नाही. पावसाळी घाटात ती नको.

सांगोला-माळशिरसकडचा मेंढपाळ पावसात काय घेतो ते पाहा. त्याच्या खांद्यावर घोंगडी असते. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते आणि घट्ट विणीतून पाणी लवकर आत शिरत नाही. तो तिची खोळ करून डोक्यावरून घेतो आणि मेंढरांमागे दिवसभर उभा राहतो. रात्री तीच अंथरूण होते. दिवसभर डोंगर चढणाऱ्यासाठी मात्र घोंगडी जड पडते. आतून लोकरीचा किंवा सिंथेटिक बनियन, वर रेनकोट आणि रात्री हलकी स्लीपिंग बॅग हा त्याच तत्त्वाचा हलका अवतार. पाठीखाली मॅट हवीच, कारण थंडीच्या रात्री अंगातली ऊब जमीन जास्त ओढते. आणि जाड सोलापुरी टॉवेल घरीच ठेवा, हे लिहिताना जिवावर येते. पण पातळ पंचा तासाभरात वाळतो, डोक्याला गुंडाळता येतो, आणि वेळेला झोळीही होतो.

सॅक

एका मुक्कामाला ४० ते ५० लिटरची सॅक पुरे. भरलेले वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत राहावे. झोपायचे सामान तळाला, पाणी आणि जड वस्तू पाठीला चिकटून मध्यावर, रेनकोट आणि टॉर्च वर. कमरेचा पट्टा आधी आवळा, मग खांद्याचे. ओझे कमरेने उचलायचे असते.

पाय

सोलापूरच्या वाटांचे दोन शत्रू आहेत. बाभळीचा काटा पातळ तळव्याचा स्पोर्ट शूज आरपार भेदतो, आणि पहिल्या पावसानंतर काळी माती तळव्याला अशी चिकटते की प्रत्येक पाय किलोभर जड होतो. खोल, रुंद खाचांचा जाड तळवा माती थोडी तरी सोडतो. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठाभर जागा ठेवा, नाहीतर उतारावर नखे काळीनिळी होतात. नवे बूट आधी गावात वापरून मऊ करा.

याबाबत वारकऱ्यांकडून शिकण्यासारखे खूप आहे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटर. धर्मपुरीला जिल्ह्यात शिरून नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत वाखरीला येईपर्यंत पालखीतले सत्तरीचे लोकही तालात चालत असतात. त्यांचे अवजड सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असते हे खरे, पण चाल एकसारखी आणि विसावा ठरलेला. रोज संध्याकाळी पाय धुऊन, कोरडे करून तेल चोळणे हा अनेकांचा नेम. ट्रेकर मंडळी पहिल्या तासात पळतात आणि तिसऱ्या तासाला बसतात. टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर फार उशीर झालेला असतो.

शिदोरी

इथे सोलापूरकराला कुणाकडून काही शिकायचे नाही. कडक भाकरी कोरडी ठेवली तर कित्येक दिवस टिकते, वजनाला हलकी, शिजवायला नको. शेंगाचटणीत तेल, प्रथिने आणि मीठ एकत्र येते, आणि उन्हात ती चॉकलेटसारखी वितळत नाही. दोनच अडचणी. भाकरीचा चुरा होतो, म्हणून ती स्टीलच्या डब्यात न्यावी. आणि दोन्ही तहान वाढवतात, म्हणून पाणी कमी असेल तेव्हा चटणी जपून. सोबत गूळ आणि एखादी काकडी.

सराव आणि अडचण

सपाटीवर राहणाऱ्याचे गुडघे उतरताना बोलतात. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून इमारतीचे जिने चढा आणि वर गेल्यावर पाणी झाडांना ओतून रिकामे उतरा. भार आठवड्या-आठवड्याने वाढवा. उतरायचा सराव नंतर, थोड्या वजनाने.

नान्नजचा माळ चालायला मोह पाडणारा आहे, पण तो माळढोक अभयारण्याचा भाग आहे आणि तिथले पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. वनखात्याला विचारल्याशिवाय आत शिरू नये आणि तंबूचा विचारही करू नये.

वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ढग दाटले की उंचवटा आणि एकटे झाड सोडा. साप चावला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यातले काहीही नको. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करा आणि सर्पदंशाची लस असलेले रुग्णालय गाठा. ते जवळ कुठे आहे, हे निघण्याआधीच विचारून कागदावर लिहून ठेवा. त्याच कागदाची एक प्रत, वाट आणि परतीच्या वेळेसह, घरी द्या.