जेजुरीच्या दोघी

जेजुरीचा गड चढताना निम्म्या वाटेवर बाणाईचे देऊळ लागते. म्हाळसा मात्र वर गाभाऱ्यात, देवाच्या शेजारी. दोघी खंडोबाच्याच बायका. सवतींचे पटेना म्हणून देवाने दोघींची घरे वेगळी केली, असे लोक सांगतात.

म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, पार्वतीचा अवतार. सातारा जिल्ह्यातल्या पालीला दर पौषात तिचे लग्न लागते. बाणाई धनगराची, मालेगावजवळच्या चंदनपुरीची. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव गड सोडतो, वेष पालटून बाणूच्या बापाकडे चाकरीला राहतो, मेंढरे राखतो, वाडा झाडतो आणि शेवटी तिला घेऊन जेजुरीला परततो. मग दारातच भांडण. म्हाळसा तिची जात काढते, अंगाच्या मेंढरांच्या वासावरून टोचते. बाणाई ऐकून घेत नाही. देव तुझा एवढा होता, तर माझ्या दारी चाकरीला का आला, हा तिचा सवाल. खंडोबाच्या जागरणात त्याला वाहिलेला भक्त, वाघ्या, दिमडीवर हे भांडण उभे करतो तेव्हा मांडवातल्या बायका सरसावून बसतात.

मला या कथेतले मोठेपण इथे दिसते. मणी-मल्ल दैत्यांना मारणारा देव सगळ्यांचा, पण मेंढरे राखून बायको मिळवणारा देव धनगरांचा जावई. लोककथांत त्याला शिंपीण, माळीण, तेलीण अशा आणखीही बायका आहेत. एकेका जातीने आपली लेक देऊन देवाशी सोयरीक जोडली. कुलदैवत असे घरचे झाले की नवरा नवरीला उचलून गडाच्या पाच पायऱ्या चढतो, घरात जागरण घालतो, भंडारा कपाळी लावतो. त्यात भीती कमी, हक्क जास्त असतो.

पण त्याच जागरणात वाघ्याशेजारी घाटी वाजवत मुरळी उभी असते. नवसापोटी लहानपणीच तिचे देवाशी लग्न लावले जाई. म्हाळसा-बाणाईंना घर मिळाले, देऊळ मिळाले, भांडायचा हक्क मिळाला. मुरळीला मात्र माणसाशी लग्न करण्याची मुभा नव्हती, आणि देवाची बायको म्हणवून घेणाऱ्या त्या पोरीला गावातले धनदांडगे आपली समजत. मुरळ्यांत दलित घरच्या मुली पुष्कळ होत्या. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली काढलेल्या ‘सोमवंशीय मित्र’मधून या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. देवाला मुली वाहण्यावर बंदी घालणारा मुंबई इलाख्याचा कायदा आला १९३४ मध्ये. जागरणात आजही मुरळी गाते. तिच्या गाण्यावर ओवाळणी टाकताना हा इतिहास आपल्याला ठाऊक असायला हवा, असे मला फार वाटते.