पडद्यावरची पंढरी

आषाढ शुद्ध दशमीची रात्र उतरणीला लागली की महाराष्ट्रातील असंख्य घरांत अलीकडे एक नवी रीत पाळली जाते. पहाटे दोन-अडीचच्या सुमारास घरातील वडीलधारी मंडळी उठतात, हातपाय धुतात, कोणी स्नानही उरकून घेतात आणि दूरदर्शन संचासमोर आसन मांडून बसतात. पंढरपुरी श्रीविठ्ठल-रुक्मिणीच्या शासकीय महापूजेचे थेट प्रक्षेपण तेव्हा सुरू झालेले असते. पंचामृतस्नान, वस्त्रालंकार, तुळशीचे हार, गाभाऱ्यात दाटलेली मंडळी, आणि मुख्यमंत्र्यांच्या शेजारी दर्शनरांगेतून बोलावून आणलेले एक शेतकरी दांपत्य, ज्याला त्या रात्री महापूजेचा मान अकल्पितपणे लाभलेला असतो. आरती सुरू झाली की काही घरांत निरांजनही ओवाळले जाते; ते देवघराच्या दिशेने धरावे की पडद्याच्या, एवढाच काय तो संभ्रम.

या रीतीची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु तिच्यामागे एक प्रश्न उभा आहे आणि तो सश्रद्ध माणसानेच स्वतःस विचारावयाचा आहे. पडद्यावर जे झाले, ते दर्शन झाले काय?

पंढरीच्या देवाचे वैशिष्ट्य असे की तो स्पर्शाचा देव आहे. कोणत्याही भाविकाने थेट गाभाऱ्यात जावे आणि विठ्ठलाच्या चरणांवर मस्तक ठेवावे, ही मुभा थोड्याच मोठ्या तीर्थक्षेत्रांत आढळते. आषाढीला त्यासाठी लागणारी रांग मैलोगणती लांबते आणि माणसे आनंदाने त्या रांगेत रात्र काढतात. कितीही उत्तम कॅमेरा असला तरी चरणांचा तो गार स्पर्श घरी पोहोचवू शकत नाही, हे उघड आहे.

तथापि याच परंपरेने दुरून घडणाऱ्या दर्शनालाही कधी हीन मानलेले नाही. चरणस्पर्श न घडला तर मुखदर्शन, तेही न घडले तर नामदेव पायरीपाशी माथा टेकावा, आणि गर्दीमुळे तेथवरही जाता आले नाही तर कळसाला हात जोडून माघारी फिरावे, असा वारकऱ्यांचा परिपाठ आहे. कळस पाहून परतलेल्यास वारी निष्फळ झाली असे कोणी म्हणत नाही. येथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. कळसावर समाधान मानणे हे काहींच्या बाबतीत गर्दीचे नव्हे, तर अन्यायाचे फळ होते. चोखोबांना महाद्वाराच्या आत पाऊल ठेवता आले नाही आणि त्यांची समाधी आजही नामदेव पायरीसमोर, बाहेरच आहे. हरिजनांना मंदिर खुले व्हावे म्हणून सानेगुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडावे लागले. ज्या दूरदर्शन संचासमोर आज कोणीही बसू शकतो, तेथे कोणास उंबरठा अडवीत नाही, ही गोष्ट या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर अगदीच क्षुल्लक म्हणता येणार नाही.

भक्ती आणि यंत्र यांचा मराठी संसार तसा जुना आहे. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ हा बोलपट 1936 साली आला, मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला आणि विष्णुपंत पागनीस यांच्या रूपात लोकांनी तुकोबा पाहिले. पुणे आकाशवाणीने 1 एप्रिल 1955 रोजी ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू केले. गदिमांची छप्पन्न गीते सुधीर फडक्यांच्या संगीतातून वर्षभर दर आठवड्यास घराघरांत गेली आणि रेडिओला हळदकुंकू लागले. पुढे 25 जानेवारी 1987 पासून रामानंद सागर यांचे ‘रामायण’ दूरदर्शनवर सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले आणि संचाला हार घातले जाऊ लागले. त्यातील भडक रंगसंगतीविषयी नाके मुरडणारेही त्या वेळी घरात बसूनच नाके मुरडीत होते.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातील दुसरे केंद्र. पुढच्याच वर्षी पुणेकरांनाही ते कार्यक्रम दिसू लागले. बाकीच्या महाराष्ट्राला मात्र थांबावे लागले. 1984 च्या सुमारास ठिकठिकाणी लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. पण त्यांवरून मुख्यतः उपग्रहाद्वारे आलेला दिल्लीचाच कार्यक्रम दिसे. म्हणजे खेड्यापाड्यांत संच आधी आला आणि त्यातून मराठी बोलणे नंतर ऐकू आले. आज ‘सह्याद्री’ या नावाने जी वाहिनी आपण पाहतो, तिच्यामागे हा सगळा प्रवास आहे.

त्या जुन्या दूरदर्शनचे कार्यक्रम संथ असत, हा आक्षेप खरा आहे. ‘आमची माती आमची माणसं’ असो, ‘ज्ञानदीप’ असो वा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, कोणालाच कसली घाई नव्हती. एक कॅमेरा समोर, एक बाजूला; वक्ता बोलतो आहे तोवर बोलू द्यावयाचे. परंतु हाच संथपणा कीर्तनाला मानवणारा होता, असे मला वाटते. कारण कीर्तन ही वेळ मागणारी विद्या आहे. वारकरी कीर्तनात बुवा नुसते बोलत नाहीत. मागे टाळकरी उभे असतात, मृदंग बोलू लागतो, निरूपणाचा अभंग घेतला जातो. मग एकेक चरण, एकेक शब्द उलगडताना प्रमाण म्हणून दुसऱ्या संतांचे वचन येते आणि ते बुवांच्या ओठांवर येताच टाळकरी ते उचलून धरतात. पहिला अर्धा तास पुष्कळदा नुसती जमीन भिजवण्यात जातो. श्रोता विरघळतो तो त्यानंतर.

आता भ्रमणध्वनीवर जे कीर्तन वाहत येते, त्याचे रूप पाहावे. दोन तासांच्या कीर्तनातील एक मिनिटाचा तुकडा. त्यातही बहुधा विनोदाचा. सुनेने सासूला काय म्हटले, तरुण मुले केस कसे ठेवतात, याविषयीची कोटी आणि पाठोपाठ मंडपातील हशा. विनोद कीर्तनाला वर्ज्य नाही. एकनाथांच्या भारुडांत तो काठोकाठ आहे. परंतु भारुडात हसवून झाल्यावर शेवटी अध्यात्माची गाठ बसते. तुकड्यात गाठ नेमकी कापलेली असते आणि हशा तेवढा उरतो. त्याहून वाईट हे की, काही वक्ते आता मंडपातील श्रोत्यांकडे पाहून नव्हे, तर त्या तुकड्याकडे डोळा ठेवून बोलू लागले आहेत. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था उभी केली ती कीर्तनकाराने आधी ज्ञानेश्वरी आणि गाथा यांचा अभ्यास करावा म्हणून. तेथील मुले आजही पाठांतर करीत बसतात. त्या पाठांतराचे मोल एका मिनिटात मावत नाही.

दुसरी एक झीज याहून सूक्ष्म आहे. आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांना स्वतःच्या चाली असत. कार्तिकातील काकड्याला वासुदेव, जोगी, पांगुळ, आंधळा, बहिरा यांची जी पदे गातात, त्यांची धाटणी दर दहा कोसांवर थोडी बदले. ती कोठे लिहिलेली नव्हती. आजोबांकडून नातवाकडे येत होती. आता नव्या मंडळातील मुले ध्वनिचित्रफिती पाहून शिकतात आणि एखाद्या नामवंत गायकाने गायिलेली चाल हीच अभंगाची चाल, असे धरून चालतात. गाणे सुरेल होते, यात शंका नाही. पण कोकणातल्या देवळात आणि मराठवाड्यातल्या मारुतीच्या पारावर एकच चाल ऐकू येऊ लागली, तर दोहोंपैकी निदान एक चाल मेलेली असते.

दुर्दैव असे की, ज्या संस्थेने हा ठेवा जपावा, तिच्याकडूनही तो सगळा जपला गेला नाही. दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात चित्रफिती महाग होत्या आणि त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे त्या वर्षांतील पुष्कळ कार्यक्रम कायमचे गेले. जे उरले, त्यांपैकी काही आता ‘सह्याद्री’ने आणि प्रसारभारतीच्या संग्रहाने यूट्यूबवर आणले आहेत. ज्या घरांत जुन्या गायनाची आवड आहे, त्यांनी एकादशीच्या दुपारी ते अवश्य पाहावेत. चित्र धूसर आहे, ध्वनीत खरखर आहे. पण माणसे घाई न करता गात आहेत.

पडद्याचा खरा कस लागला तो 2020 साली. महामारीमुळे पायी वारी झाली नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका राज्य परिवहनाच्या बसमधून पंढरीस नेण्यात आल्या. पंढरपुरात संचारबंदी होती. 1 जुलैच्या त्या एकादशीला चंद्रभागेचे वाळवंट मोकळे होते आणि लाखो वारकऱ्यांनी आपापल्या घरी पडद्यावरच महापूजा पाहिली. पुढच्या वर्षीही पादुका बसनेच गेल्या. त्या दोन वर्षांत पडदा नसता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. आणि तरीही 2022 साली वाट मोकळी होताच वारकरी पुन्हा पायीच निघाले. घरी बसून दर्शन मिळते हे दोन वर्षे अनुभवल्यावरही कोणी म्हणाले नाही की आता चालावयाचे कशाला. आपल्या आरंभीच्या प्रश्नाचे जेवढे उत्तर मिळण्यासारखे आहे, तेवढे मला यात दिसते.

वारी ही चालण्यात आहे, हे चालून पाहिलेल्या लेखकांनी फार आधी लिहून ठेवले आहे. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे 1964 सालचे ‘पालखी’ हे पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना कॅमेऱ्याच्या हाती काय लागत नाही हे निराळे सांगावयास नको. कॅमेरा रिंगणावर लुब्ध आहे. आता तर आकाशातून यंत्रे फिरवून रिंगण टिपतात. वरून ते फुलासारखे दिसते, फार देखणे दिसते. पण अश्व धावून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी वाकलेली म्हातारी त्या उंचीवरून दिसत नाही.

ती दिसते ती दिंडीतून चालणाऱ्या पोरांच्या साध्या भ्रमणध्वनीत. गेल्या काही वर्षांत या मुलांनी वारीच्या ज्या ध्वनिचित्रफिती केल्या आहेत, त्यांत वाहिन्यांनी कधी न दाखविलेल्या गोष्टी सापडतात. पहाटे काळोखात उतरवले जाणारे तंबू, दिवे घाटात घामाने भिजलेल्या बैलजोड्या, नीरेच्या पात्रात पादुकांना घातलेले स्नान. अशाच फितींतून तळावरची समाजआरती पाहावी. सगळ्या दिंड्या जमलेल्या असतात, टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावून हाक देतो आणि एका क्षणात हजारो टाळ थांबतात. एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग तिला विचारणा होते, निवाडा होतो. हरवले-सापडलेले जिन्नस पुकारले जातात. त्यानंतर आरती. लाखोंचा समुदाय कोणा अधिकाऱ्याच्या शिट्टीवाचून कसा चालतो, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने या दहा मिनिटांकडे पाहावे.

या मुलांना एक विनंती मात्र करावीशी वाटते. फितीखाली नुसते ‘माउली’ किंवा ‘सुंदर भजन’ असे लिहून भागत नाही. गाव कोणते, दिंडी कितवी, रथापुढची की रथामागची, अभंग कोणाचा, विणेकरी कोण आणि ही चाल त्यांच्याकडे कोणाकडून आली, एवढे त्यांची संमती घेऊन नोंदवावे. आपल्या गावातील काकडा, हरिपाठ, सप्ताहातील काल्याचे कीर्तन हेही असेच, न तोडता, पूर्ण टिपावे. अंधारात चित्र नीट आले नाही तरी चालेल. आवाज स्वच्छ यावा. पुढे कोणास शिकावयाचे असेल तर तो कानानेच शिकणार आहे.

आणि एकादशी आटोपली म्हणून यंत्र पिशवीत घालू नये. वाहिन्यांची वाहने द्वादशीलाच पंढरपूर सोडू लागतात. वारी तेव्हा संपलेली नसते. पौर्णिमेस गोपाळपुरी काला होतो, पालख्या देवाचा निरोप घेतात आणि परतीची वाट धरतात. आषाढ वद्यात अरणची यात्रा भरते. सावता माळी आपला मळा सोडून पंढरीस गेले नाहीत, देवच त्यांच्या भेटीस आला, अशी श्रद्धा आहे. म्हणून पंढरीहून पांडुरंगाची पालखी त्या गावी जाते. इकडे माउलींची पालखी, जाताना जी वाट अठरा-वीस दिवसांत चालली, तीच दहा-अकरा दिवसांत मागे टाकते. बरोबर थोडीच माणसे उरलेली असतात. स्वागताच्या कमानी उतरलेल्या असतात, पाऊस बहुधा धरलेला असतो आणि मुक्काम लांब पल्ल्यांचे असतात. त्या परतवारीच्या काही फिती मी पाहिल्या आहेत. चिखलाची वाट, भिजलेली पताका, दहा-बारा टाळकरी, आणि चाल तीच, जी जाताना लाखांच्या तोंडी होती.