हरणाऱ्याला पहिला गडी

कबड्डीचा डाव मांडायचा असला की आधी गडी वाटून घ्यावे लागतात. दोन म्होरके पुढे होतात, 'ओली की सुकी' होते आणि जो जिंकतो तो सर्वांत तगडा गडी उचलतो. मग दुसरा, मग पुन्हा पहिला, असे आळीपाळीने चालते. या वाटणीत काही खोट आहे असे आपल्याला वाटत नाही. पण जरा हिशेब करून पाहा. समजा, आठ गडी आहेत आणि त्यांच्या ताकदीला आपण ८ पासून १ पर्यंत गुण दिले. पहिल्या म्होरक्याला ८, ६, ४ आणि २ गुणांचे गडी मिळतील. बेरीज २०. दुसऱ्याला ७, ५, ३ आणि १. बेरीज अवघी १६! म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच एका संघाचे पारडे जड झाले.

उपाय सोपा आहे. पहिल्याने एक गडी घ्यावा, मग दुसऱ्याने लागोपाठ दोन, मग पहिल्याने दोन, मग दुसऱ्याने दोन आणि उरलेला शेवटचा गडी पहिल्याचा. आता बेरीज करा. दोघांचेही १८-१८ भरतील. पुढच्या वेळी मैदानावर हे करून पाहा.

पण हे झाले नवे संघ पाडताना. संघ जर जुनेच असले, त्यांतला एक बलाढ्य आणि दुसरा लिंबूटिंबू असला आणि दरवर्षी थोडे नवे खेळाडू तेवढे वाटायचे असले तर? पहिला गडी कोणी घ्यावा? ऑस्ट्रेलियात हा प्रश्न दरवर्षी पडतो आणि तिथे त्यावर लाखो डॉलरांचे व्यवहार अवलंबून असतात.

मेलबर्नचे क्रिकेट मैदान तुम्हांला ठाऊक असेलच. हिवाळ्यात त्या मैदानावर एक वेगळाच खेळ चालतो. चेंडू लांबट, एका बाजूला अठरा खेळाडू, आणि चेंडू पायाने मारायचा, हाताने झेलायचा, मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यायचा. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला की ६ गुण, बाजूच्या खांबातून गेला तर १ गुण. याला ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणतात. त्याचा जन्मही क्रिकेटच्याच घरातला. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग सैल पडू नये म्हणून टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली असा काही खेळ सुरू करावा असे सुचवले आणि पुढच्याच वर्षी त्याचे नियम लिहिले गेले. आज या खेळाच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये, म्हणजे ए.एफ.एल.मध्ये, १८ क्लब आहेत.

पूर्वी ही लीग फक्त व्हिक्टोरिया राज्यापुरती होती. तेव्हा खेळाडूंची वाटणी हद्दी आखून होत असे. अमुक उपनगरात राहणारा मुलगा अमुक क्लबचा. १९६८ पासून खेड्यापाड्यांचा मुलूखही असाच वाटून दिला गेला. ज्याच्या वाट्याला दमदार मुलांचा मुलूख आला त्याची चांदी झाली. ज्याच्या वाट्याला आला नाही तो वर्षानुवर्षे तळाशी. हे म्हणजे एकाच्या शेतात बारमाही विहीर आणि दुसऱ्याच्या शेतात मुरूम, आणि वर दोघांनी सारखेच पीक काढावे अशी अपेक्षा! १९८२ साली साउथ मेलबर्न हा क्लब बिऱ्हाड उचलून सिडनीला गेला. सिल्व्हियो फॉस्किनी या तरुण खेळाडूला सिडनीला जायचे नव्हते. तो न्यायालयात गेला आणि १९८३ साली व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: लीगचे नियम माणसाच्या उपजीविकेवर अवाजवी बंधन घालतात. जुनी व्यवस्था डळमळू लागली. मग १९८५ साली क्लबांनी खेळाडूंवर करायच्या खर्चाला मर्यादा आली आणि १९८६ साली आला 'ड्राफ्ट'.

ड्राफ्टची कल्पना अमेरिकेतून आली. तिथल्या फुटबॉल लीगने १९३६ साली ती प्रथम वापरली. नियम असा: हंगामात जो संघ सर्वांत शेवटी आला त्याने नव्या खेळाडूंतून पहिला निवडायचा, त्याच्या वरच्याने दुसरा, आणि विजेत्याने सर्वांत शेवटी. मग दुसरी फेरी, तिसरी फेरी, अशा चालू राहतात. गंमत म्हणजे अमेरिकेत त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये अगदी पहिला निवडलेला खेळाडू त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

वाफेच्या इंजिनावर गव्हर्नर नावाचे एक उपकरण असते. इंजिन फार जोरात फिरू लागले की त्यावरचे दोन गोळे बाहेर फाकतात आणि वाफेची झडप थोडी बंद होते. इंजिन मंदावले की गोळे आत येतात आणि झडप उघडते. त्यामुळे वेग आपोआप एका पातळीवर राहतो. ड्राफ्ट हा लीगवर बसवलेला गव्हर्नरच आहे. वर चढलेल्याला थोडे खाली ओढायचे, खाली गेलेल्याला वर ढकलायचे.

मात्र एक मोठा फरक आहे. आपल्यावर गव्हर्नर बसवला आहे हे इंजिनाला कळत नाही. क्लबला ते पक्के कळते!

हंगाम संपत आला आहे आणि तुमचा क्लब तळाशी आहे अशी कल्पना करा. बाद फेरीत जाण्याची आशा उरलेली नाही. आता उरलेला एखादा सामना जिंकून काय मिळणार? टाळ्या. आणि हरून काय मिळणार? देशातला सर्वांत गुणी मुलगा. खेळाडू स्वतः बहुधा जिंकण्यासाठीच जीव तोडतात. पुढच्या वर्षी आपल्या जागी येणाऱ्या मुलासाठी कोण हरेल? पण संघ निवडणारे, दुखऱ्या गुडघ्याला विश्रांती द्यायची की नाही हे ठरवणारे लोक निराळे असतात. मुद्दाम ढिलाई करण्याच्या या प्रकाराला तिकडे 'टँकिंग' म्हणतात.

त्यात लीगने एक भर घातली. फारच दुबळ्या संघांना नेहमीच्या निवडीखेरीज एक जादा निवड मिळे. २००६ ते २०११ या काळात नियम असा होता: बावीस सामन्यांत जास्तीत जास्त चारच विजय असले तर पहिल्या फेरीनंतर एक जादा खेळाडू. सलग दोन वर्षे तीच गत झाली तर तो जादा खेळाडू पहिल्या फेरीच्याही आधी! आता पाहा, चार विजय आणि पाच विजय यांत ताकदीचा फरक किती? नखाएवढा. बक्षिसातला फरक? डोंगराएवढा. उतार एका पायरीवर येऊन एकदम कड्यासारखा तुटतो. माझ्या मते या नियमाचा खरा दोष दुबळ्याला मदत करण्यात नव्हता, तो या कड्यात होता.

मेलबर्न क्लबने २००८ मध्ये तीन सामने जिंकले होते. २००९ मध्ये तो पुन्हा तळाशी होता. त्या हंगामातल्या रिचमंडविरुद्धच्या सामन्यात मेलबर्नने काही खेळाडूंना भलत्याच जागी खेळवले. तरीही सामना रंगला. शेवटचा भोंगा वाजल्यानंतर रिचमंडच्या खेळाडूने मारलेली लाथ खांबांतून गेली आणि मेलबर्न ४ गुणांनी हरले. हंगामअखेर त्यांचे विजय भरले नेमके चार. पहिली आणि दुसरी, दोन्ही निवडी त्यांना मिळाल्या. पुढे चौकशी झाली. क्लबने मुद्दाम सामने हरल्याचे सिद्ध झाले नाही. पण २०१३ साली लीगने क्लबला ५ लाख डॉलर दंड केला आणि तेव्हाचा प्रशिक्षक व एक अधिकारी यांना निलंबित केले. त्या दोन निवडींनी क्लबचे भाग्य उजळले असेही झाले नाही. पहिला मुलगा दोन हंगामांनंतर दुसऱ्या क्लबकडे गेला आणि २०१३ च्या हंगामात मेलबर्नने केवळ दोन सामने जिंकले.

२०१२ पासून जादा निवडीचे सूत्रच काढून टाकले. ती द्यायची की नाही हे आता लीगचे आयोग ठरवते. कडा गेला खरा, पण नियम फळ्यावर लिहिलेला नसला की वशिल्याची कुजबूज सुरू होते. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने निराळी वाट धरली. तिथे १९८५ पासून चिठ्ठ्या टाकतात. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची संधी सारखीच, प्रत्येकी १४ टक्के, असते. तिथे शेवटून तिसरे येण्याऐवजी अगदी शेवटचे येऊन पहिल्या निवडीची संधी तसूभरही वाढत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या ड्राफ्टमध्ये आणखी एक गाठ आहे, ती म्हणजे बाप आणि लेक. वडील एखाद्या क्लबसाठी १०० सामने खेळलेले असले तर मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क. नियम प्रेमाचा आहे. आजोबांपासून एकाच क्लबची मफलर गळ्यात घालणाऱ्या प्रेक्षकांना तो फार आवडतो. पण २०११ साली आलेल्या गोल्ड कोस्टसारख्या क्लबाकडे १०० सामने खेळलेल्या जुन्या खेळाडूंची मोठी मुले कोठून असणार? शिवाय भावही फारच स्वस्त होता. २००६ साली जीलाँग क्लबने टॉम हॉकिन्स हा अव्वल दर्जाचा मुलगा केवळ ४१ व्या क्रमांकाची निवड खर्चून घेतला. त्यानंतर नियम बदलला. दुसरा क्लब बोली लावणार आणि वडिलांच्या क्लबने तिला तोडीस तोड किंमत मोजायची.

किंमत कशी मोजायची? २०१५ साली लीगने चक्क एक कोष्टक काढले. पूर्वी त्या त्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूंना सरासरी किती पगार मिळाला यावरून प्रत्येक क्रमांकाला गुण दिले. पहिल्या क्रमांकाला ३०००, दुसऱ्याला २५१७, चौथ्याला २०३४, अठराव्याला ९८५. शिवाय पहिल्या फेरीत २० टक्के सूट.

चौथ्या क्रमांकाचा मुलगा घेऊन पाहू. २०३४ मधून २० टक्के वजा केले की उरले सुमारे १६२७. आता ३८, ४०, ४२ आणि ४४ या क्रमांकांचे गुण पाहा: ४६५, ४२९, ३९५ आणि ३६२. बेरीज १६५१. झाले की काम! कोष्टकाप्रमाणे सौदा बरोबर आहे. पण मैदानावर एका वेळी अठराच खेळाडू उतरतात. चार बेताचे गडी मिळून एक पट्टीचा गडी होत नाही, आणि चौघांना चार जागा मात्र लागतात. बेरीज बरोबर, पण बेरीज करणेच चूक, असे हे गणित आहे.

याचे परिणाम दिसले. २०२१ साली निक डेकॉस वडिलांच्या कॉलिंगवुडकडे चौथ्या क्रमांकावर गेला. २०२३ साली कॉलिंगवुड विजेते. ब्रिस्बेनने २०२२ साली विल ॲशक्रॉफ्टला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. २०२४ साली ब्रिस्बेन विजेते झाले आणि त्याच वर्षी विलचा धाकटा भाऊ पाचव्या क्रमांकावर त्यांच्याकडेच आला! विजेत्याने शेवटी निवडायचे होते ना? २०२५ पासून लीगने सूट १० टक्क्यांवर आणली आणि मागच्या क्रमांकांचे गुण घटवले. त्या वर्षीही ब्रिस्बेनच जिंकले.

आतापर्यंत आपण क्लबांच्याच न्यायाचे बोललो. मुलाचे काय? अठरा वर्षांच्या मुलाला आपण कोणत्या शहरात राहणार हे त्या संध्याकाळी कळते. पर्थचा मुलगा ब्रिस्बेनला गेला तर घर सुमारे ३,६०० किलोमीटर दूर. आपल्या देशाची दक्षिणोत्तर लांबीही ३,२१४ किलोमीटरच आहे. ऑस्ट्रेलियातल्याच रग्बी लीगने असा ड्राफ्ट सुरू केला, तेव्हा खेळाडू न्यायालयात गेले आणि १९९१ साली तो रद्द झाला. फुटबॉलचा ड्राफ्ट अजून टिकून आहे. संघांची बरोबरी साधण्याची किंमत या मुलांच्या पसंतीतून वसूल होते, हे तिथले चाहते सहसा बोलून दाखवत नाहीत.

शेवटी एक युक्ती सांगतो. अ‍ॅडम गोल्ड नावाच्या संशोधकाने ती सुचवली आणि उत्तर अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगने २०२४ पासून ती वापरली आहे. संघ ज्या दिवशी बाद फेरीच्या शर्यतीतून बाहेर पडतो, त्या दिवसापासून त्याचे वेगळे गुण मोजायचे, आणि ज्याचे असे गुण जास्त त्याला पहिली निवड. दुबळा संघ लवकर बाहेर पडतो, म्हणून त्याला गुण मिळवायला जास्त सामने मिळतात. पण गुण मिळतात ते जिंकूनच. गव्हर्नर कायम राहतो आणि हरण्याचा मोह जातो. यातही पळवाट आहेच. मुद्दाम लवकर बाहेर पडण्यासाठी हंगामाच्या सुरुवातीलाच हरले तर? आठ संघांचे कोष्टक कागदावर मांडा आणि ही चलाखी कितपत पुरते ते पाहा.